बोटीवरचा भोंगा

आमच्या गावाजवळच्या धरणावर फिरायला येणाऱ्यांसाठी एक बोट आहे. ती बोट माझे बाबा अकरा वर्षं चालवत होते आणि तिच्यातला जुना टेप एका शनिवारी मी काढून नवा बसवला. ते काम मी हौसेनं केलं, हेही कबूल करतो. त्या वेळी बाबांची नजर जवळजवळ गेलेली होती आणि ते बाबांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या गोष्टीनं आमच्या घरात इतके दिवस दडी मारली होती, तिला मी आणखी चार पानं कशाला लपवू?

माझा धंदा गाड्यांत टेप बसवण्याचा. बुलडाण्याला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर दुकान आहे. आता सगळे म्युझिक सिस्टीम म्हणतात, पण चिखलीकडून ट्रॅक्टर घेऊन आलेलं गिऱ्हाईक दारात उतरल्याबरोबर "टेप ठोकून द्या भाऊ" असंच म्हणतं. वीस वर्षं हेच करतो आहे. स्पीकरची जाळी कुठं सैल आहे, ते मला चालत्या जीपमध्ये बसून कळतं. कानांचा मला फार गर्व. माझी बायको म्हणायची, याले बारीकशी खरखर बरोबर ऐकू येते, माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेत असे.

बोट सोळा जणांची होती. वर पत्र्याचं छत, मागं इंजिन, पुढं स्टेअरिंग. छताच्या खाली एका मोडीत निघालेल्या काळी-पिवळी जीपचा टेप होता. त्याचं कॅसेटचं तोंड कधीच बंद पडलेलं. मीच त्याला मेमरी कार्डचा डबा जोडून दिला होता. शेजारी जुना अँप्लिफायर, त्याला लोंबणारा माईक, आणि छताच्या वर पुढच्या बाजूला तोंड करून बसवलेला राखाडी रंगाचा भोंगा. हा भोंगा मूळचा आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचा. विहारासाठी नवे स्पीकर घेतले तेव्हा बाबांनी जुना मागून घेतला. बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी मात्र तो बोटीवरून उतरायचा, मिरवणुकीत एक दिवस फिरून यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आपल्या जागी बसायचा.

टेपवर गाणी वाजायची, पण बाबांचा खरा जीव माईकमध्ये. धक्क्यावरून निघालं की बोट आधी पाण्यात उभ्या असलेल्या गोल टॉवरकडे जाते, तिथून धरणाच्या दगडी भिंतीकडे, भिंतीला समांतर थोडं चालून डोंगराच्या बाजूनं परत. टॉवर जवळ आला की बाबा गाण्याचा आवाज कमी करायचे, माईक तोंडाशी धरायचे आणि म्हणायचे, "बसून राहा हो, हात आत घ्या!" भिंतीजवळ पुन्हा तेच. डोंगराजवळ पुन्हा तेच. बोटीत दोनच माणसं असोत आणि ती हाताची घडी घालून बसलेली असोत, तरी तेच.

लोकांना त्याची गंमत वाटायची. पोरंपोरी मागच्या बाकावरून त्यांच्या आधीच "बसून राहा होऽऽ" म्हणून ओरडायची. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून मोबाईलवर फिरवला. बोटीचा ठेका ज्याच्याकडे होता, तो माणूस तसा भला. त्यानं मला दुकानात येऊन तो व्हिडिओ दाखवला. म्हणाला, "तुमच्या बाबाले लोक हसून राह्यले. मले बरं नाई वाटत. आता चांगली सिस्टीम बसवू, ब्लूटूथची. ज्याले जे गाणं पायजे ते त्याच्या मोबाईलवरून लागन. रंगीत लायटिंगही टाका."

मी व्हिडिओ दोनदा पाहिला. मलाही लाज वाटली. सिस्टीम बसवण्यात माझं नाव आहे, आणि माझाच बाप पिकनिकच्या बोटीवर हातगाडीवाल्यासारखा भोंग्यातून ओरडतो, हे मनाला लागलं. त्याच दिवशी मी सामान काढून ठेवलं.

शनिवारी सकाळी धरणावर गेलो. हिवाळ्याचे दिवस होते, पाणी उतरायला लागलेलं. बाबा लाइफ जॅकेटं वाळत घालत होते. मी पिशवी उघडली तेव्हा ते जवळ येऊन उभे राहिले.

"काऊन, जुना वाजत नाई का?" त्यांनी विचारलं.

"वाजते हो बाबा. पण तो वाजणं म्हणजे पत्रा बडवल्यासारखं हाय."

"माईक ठेवजो."

"याले माईकची जागाच नाई. आणि कशाले पायजे माईक? लोकाईले कळत नाई का बसाचं कसं?"

"मंग भोंगा तरी राहू दे."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "हे काय मिरवणुकीचं ट्रॅक्टर हाय का? लोक हसतात तुमाले. मले दुकानात येऊन दाखोतात."

बाबा एक पाऊल मागं सरले. हसतात म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलं आणि तरी कामाला लागलो. अर्ध्या तासानं छतावरून मी हात खाली केला, म्हणालो लाल वायर द्या. त्यांनी काळी दिली. "लाल म्हटलं बाबा, लाल!" त्यांनी वायरी हातात घेऊन थोडा वेळ चाचपल्या आणि पुन्हा काळीच दिली. मी खाली उतरून स्वतः लाल घेतली आणि जे पुटपुटलो ते इथं लिहीत नाही.

शेवटी भोंगा काढायचा राहिला. चार स्क्रू गंजलेले होते. मी वरून स्क्रू सोडत होतो आणि बाबा बाकावर उभे राहून खालून भोंगा धरून होते, खाली पडू नये म्हणून. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा त्याचं सगळं वजन त्यांच्या हातात आलं. त्यांनी तो छातीशी धरला, हळूच खाली उतरले आणि धक्क्यावरच्या खोलीत नेऊन पोत्यावर ठेवला. मग जॅकेटांकडे परत गेले. मला वाटलं, म्हातारा रुसला.

नवी सिस्टीम सुरेख वाजली. बाकांच्या खाली चार स्पीकर, मागं बास. आवाज बाहेर न जाता आतल्या आत घुमत होता, बसणाऱ्याच्या पोटात उतरत होता. दोन-तीन दिवस सोबत फिरून आवाज जमवून द्यायचं मी ठेकेदाराला कबूल केलं होतं. म्हणून रविवारीही गेलो.

दुपारी उंद्रीकडचं एक कुटुंब आलं. चौदा माणसं, त्यात सहा-सात वर्षांची एक मुलगी, पिवळ्या फ्रॉकातली. तिच्या काकानं मोबाईल जोडला आणि आवाज पार वर नेला. मी मागं बसून बास कमी-जास्त करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम बाबांच्या बोटीवर वाजत होतं, लोक माना हलवत होते, मी मनातून फुललो होतो. टॉवर आला. बाबांनी तोंडानं हाक दिली, "बसून राहा हो!" मला मागं ती ऐकूसुद्धा आली नाही, फक्त त्यांची मान वर झालेली दिसली. टॉवर डाव्या हाताला राहिला, नेहमीपेक्षा जास्त जवळून.

मग भिंत. मी भिंत येताना पाहत होतो, हे मला सांगितलंच पाहिजे. खालच्या बाजूचे दगड पाणी उतरल्यानं उघडे पडले होते, त्यांच्यावरची शेवाळाची रेघ मला दिसत होती. मी मनात म्हटलं, बाबा वळवतील. अकरा वर्षं वळवतच आले आहेत. बाबांनी पुन्हा मान वर केली, पुन्हा हाक दिली, आणि गाण्याच्या दणक्यात ती तिथल्या तिथं विरून गेली. मग मी ओरडलो. त्यांनी इंजिन बंद केलं, स्टेअरिंग फिरवलं, पण बोटीचं नाक दगडांना लागलंच.

बोट फुटली नाही, कोणी पाण्यात पडलं नाही. सगळे पुढच्या बाकांवर आदळले. त्या मुलीचं कपाळ लोखंडी दांड्याला लागलं आणि पिवळ्या फ्रॉकवर रक्ताचे थेंब पडायला लागले. गाणं चालूच होतं. ते बंद करायचं कोणाला सुचेना, शेवटी मी वायर ओढून काढली.

धक्क्यावर आल्यावर गर्दी जमली. मुलीला दवाखान्यात नेलं. तिचा काका बाबांच्या अंगावर धावून गेला. "पिऊन चालोते का बे?" तो ओरडला. गर्दीत दुसरा कोणीतरी म्हणाला, हाव, पिलेलाच असन, नाईतर एवढी मोठी भिंत दिसत नाई का? एकदा शब्द निघाला की निघाला. मी मध्ये पडलो, म्हणालो तोंड सांभाळून बोला, माझ्या बापानं जन्मात दारूला हात लावला नाही. आणि मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी तसं म्हणावं म्हणून.

बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं माहं."

विहारात कोणी पिऊन आलं तर त्याला दंडाला धरून बाहेर काढणारा माणूस हा. वस्तीत त्यांचा तो धाक होता. तो माणूस चारचौघांत दारुड्या म्हणवून घेत होता आणि कबूल होत होता. मला काहीच कळेना. ठेकेदारानं सगळ्यांची समजूत काढली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "माणूस चांगला हाय, होते कधी कधी. पिऊन चालोली, पुन्हा असं होणार नाई, एवढं लिहून आणा त्यायच्या सहीनं. पंधरा दिवस घरी राहू द्या, मंग येऊ द्या कामावर."

मोटरसायकलवर बाबा मागं बसले होते. त्यांच्या श्वासाला कसलाही वास नव्हता. वाटेत त्यांनी एकच विचारलं, "पोरीले किती टाके पडले?" ठेकेदारानं फोन करून सांगितलं होतं, दोन. मी सांगितलं.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. बाबांनी तेव्हापासून ओसरीवरची एकच जागा धरली होती, खाट, माठ, काठी सगळं जिथल्या तिथं. त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, आता सांगा.

"भिंत दिसली नाई मले," ते म्हणाले.

"उन्हानं डोळे दिपले?"

"नाई रे. दिसतच नाई."

मग त्यांनी सांगितलं. दीड-दोन वर्षांपूर्वी गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं होतं. मोतीबिंदू असेल, होईल आपरेशन, असं समजून ते गेले. तपासणाऱ्यांनी त्यांना काचबिंदू सांगितला, थेंबांची बाटली दिली, बुलडाण्याच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. बाबांनी बाटली संपेपर्यंत थेंब टाकले. आमच्याकडे औषधाची बाटली संपली की दुखणं संपलं, अशी समजूत असते. खोकल्याची बाटली आणि ही बाटली त्यांच्या लेखी सारखीच. बाटली संपली आणि त्यांनी तो विषय सोडून दिला. मग नजर कडेकडेनं गेली. आता दाराच्या फटीतून पाहावं तेवढंच दिसत होतं, आणि उन्हात चमकणाऱ्या पाण्यावर तेही नाही.

"मंग बोट कशी चालोत होते?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "दीड वर्ष? लोकाईची लेकरं बसून?"

"भोंग्यानं," बाबा म्हणाले.

ते समजून घ्यायला मला वेळ लागला. भोंग्यातून हाक गेली की ती कशाला तरी लागून परत येते. टॉवरवरून ती बारीक होऊन येते. भिंतीवरून जशीच्या तशी, भरीव. डोंगरावरून उशिरा आणि फुटलेली. मोकळं पाणी असलं की येतच नाही. किती वेळानं आली त्यावरून बाबा अंतर ओळखत आणि स्टेअरिंग फिरवत. बसून राहा हो, हात आत घ्या, हे ते लोकांसाठी कधी म्हणत होते आणि स्वतःसाठी कधीपासून म्हणायला लागले, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आणि मी तो भोंगा चार स्क्रू सोडून काढला होता. वर लोकांच्या गाण्यानं त्यांचे कान बंद करून टाकले होते.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हणालो, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तू काय केलं असतं? घरी बसवलं असतं."

"बसवलंच असतं!"

"हाव ना. म्हणून."

मग त्यांनी त्यांचं म्हणणं मांडलं, अगदी शांतपणे, ठरवून ठेवल्यासारखं. ठेकेदार म्हणतो तसं मी लिहून द्यायचं, ते सही करतील. पंधरा दिवसांनी मी भोंगा परत लावून द्यायचा. मग काही होणार नाही.

"मी लिहू? माझा बाप दारुड्या हाय म्हणून?"

"दारुड्याले पंधरा दिवसानं परत घेतात," बाबा म्हणाले. "आंधळ्याले कोण घेते?"

त्यांना बोट का हवी होती, ते मला माहीत होतं. जन्मभर त्यांनी रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडली, लोकांच्या विहिरी खोदल्या. गावात त्यांच्या तरुणपणी त्यांना कोणी ओट्यावर बस म्हटलं नव्हतं. इथं बसू नको, तिथं उभा राहा, हेच ऐकत ते मोठे झाले. बोटीवर मात्र साहेब येवोत, मास्तर येवोत, व्यापारी येवोत, बाबा म्हणायचे बसून राहा, आणि सगळे बसायचे. हसत का होईना, बसायचे. हे त्यांच्याकडून काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. मी माझ्या मुलीच्या वहीतला कागद फाडला आणि लिहिलं. मी दारू पिऊन बोट चालवली, माझी चूक झाली, पुन्हा असे करणार नाही. त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. त्यांनी सही केली. कागद तसबिरींखालच्या फळीवर ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं, "दोनच टाके ना?"

सकाळी मी अंगणात तोंड धूत होतो. बाबांची वंदना चालू होती. रोज आंघोळ करून ते बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर हात जोडून उभे राहतात, आधी त्रिशरण म्हणतात, मग पंचशील. लहानपणापासून हा आवाज माझ्या कानात आहे, त्यामुळे तो ऐकूच येत नाही म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी ऐकू आला, कारण तो थांबला. तीन शीलं झाली होती. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. चौथ्याचा पहिला शब्द त्यांनी उच्चारला आणि पुढं गेलेच नाहीत. मी वाट पाहिली. पुन्हा तोच पहिला शब्द आला, पुन्हा थांबला.

मी तोंडावरचं पाणी न पुसता आत गेलो. बाबा हात जोडून उभे होते. समोर, त्यांच्या छातीच्या उंचीवर, फळीवर तो कागद होता.

"पाचवं मोडलं नाई म्या," ते मला म्हणाले. "अन् मोडलं असं लिहून देऊन चौथं मोडून राह्यलो."

"बाबा, राहू द्या..."

"त्या पोरीले मोठेपणी काय सांगतीन तिच्या घरचे? एका दारुड्यानं पाडलं म्हणून. तसं नाई झालं ते." त्यांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाले, "फाड तो कागद. दुसरा लिही. डोळे गेले म्हणून लिही. माहीत असून चालोली, तेही लिही."

मी लिहिलं. हा दुसरा कागद लिहायला पहिल्यापेक्षा फार जड गेला. पहिला खोटा होता आणि त्यानं बोट परत मिळणार होती. हा खरा होता आणि यानं सगळंच जाणार होतं. लिहून वाचून दाखवला. त्यांनी सही केली आणि मग राहिलेली दोन शीलं म्हटली, नेहमीच्या आवाजात, न अडखळता.

ठेकेदारानं कागद दोनदा वाचला. तो बाबांकडे पाहायचा, कागदाकडे पाहायचा. दीड वर्षात काय काय होऊ शकलं असतं, हे त्याच्याही डोळ्यांसमोर आलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. रागावला नाही. उंद्रीला त्या मुलीच्या घरी आम्ही तिघं मिळून गेलो आणि बाबांनी त्यांच्या दारात उभं राहून सगळं खरं सांगितलं. तो काका ऐकून घेत होता. या म्हणाला नाही आणि जा म्हणाला नाही. मुलीच्या कपाळावर पांढरी पट्टी होती, ती दारामागून बाबांकडे पाहत होती. बाबांना ती दिसली नाही.

बुलडाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेली नजर येत नाही, राहिलेली तेवढी थेंबांनी टिकवायची. आता ते थेंब रोज मी टाकतो.

महिन्याभरानं बोटीवर शेजारच्या गावचा नवा माणूस आला. बाबांनी ठेकेदाराजवळ एकच मागितलं, माणसं न बसवता एक फेरी, भोंगा लावून. तो हो म्हणाला. मी पोत्यावरचा भोंगा उचलला, जुना अँप्लिफायर जोडला, त्याच भोकांत तेच चार स्क्रू बसवले. नवा माणूस स्टेअरिंगवर, बाबा त्याच्या शेजारी माईक घेऊन, मी मागं. पाण्यावर ऊन चमकत होतं.

"बसून राहा हो, हात आत घ्या!"

बोटीत ऐकायला आमच्याशिवाय कोणी नव्हतं. बाबा मान वर करून थांबले. "आला टॉवर," ते म्हणाले. "उजवीकडे घे." नव्या माणसानं घेतली, आणि टॉवर बरोबर तिथं होता. भिंतीजवळ पुन्हा हाक, पुन्हा मान वर. "आली. अजून थोडी जाऊ दे... आता वळव." मी डोळे गच्च मिटून ऐकत होतो. मला भोंग्याची करकर ऐकू आली, इंजिन ऐकू आलं, पाणी ऐकू आलं. परत येणारी हाक काही मला ऐकू आली नाही. वीस वर्षं आवाजाचा धंदा करणारा मी, कानाचा एवढा गर्व असलेला, आणि बाबा ज्या आवाजावर बोट चालवत होते, तो मला सापडत नव्हता.

डोंगराच्या बाजूनं परत येताना मी त्यांना विचारलं, कितीतरी दिवस मनात होतं ते. "त्या शनिवारी मी भोंगा काढत होतो तवा तुमी मले थांबोलं काऊन नाई? राहू दे म्हटलं, पण कारण काई सांगतलं नाई. उलट खालून धरून उभे राह्यले."

बाबा माईकची वायर हातावर गुंडाळत होते.

"रोज सकाळी निंगताना ठरवो, आज काढून टाकतो अन् सांगतो घरी," ते म्हणाले. "माह्या हातानं नाई निंगला रे. तू काढून राह्यला तवा म्हटलं, निंगते तर निंगू दे. मंग दुसऱ्या दिवशी तरी धक्क्यावर बसून राहाचं होतं मले. नाई बसलो. ते चुकलं माहं."

गर्दीसमोर मान खाली घालून त्यांनी हेच शब्द म्हटले होते. तेव्हा लोकांनी ते दारूसाठी घेतले, आणि मीसुद्धा.

धक्क्याला लागल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन छतावर चढायला लागलो. बाबांनी माझ्या हातातून तो काढून घेतला. बाकावर पाय ठेवला, छताच्या कडेला हात लावून वर सरकले आणि चारही स्क्रू बोटांनी चाचपून एकेक करून सोडवायला लागले. स्क्रू सोडवायला डोळे लागत नाहीत. मी खाली उभा राहून दोन्ही हातांनी भोंगा धरून होतो.

"धरला का नीट?" त्यांनी वरून विचारलं.

"धरला बाबा," मी म्हणालो, आणि त्यांनी शेवटचा स्क्रू काढला.